मंगळाची जमीन कशी वाचायची: सोलापूरच्या काळ्या रानातून

सोलापूर जिल्ह्यात कुठेही विहीर खणा, गोष्टी साधारण एकाच क्रमाने वर येतात. आधी काळी माती, मग चुनखडीचे खडे मिसळलेला मुरूम, मग काळा पाषाण, आणि कुठे कुठे दोन पाषाणांच्या मधे विटकरी रंगाचा पातळ थर. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हा वाहिला. दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा दगड हवापाण्याने झिजून तांबडा पडला, तोच तो विटकरी थर. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. विहिरीत डोकावणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी याच जातीच्या दगडाचा आहे, आणि तिथली जमीन वाचायची पहिली रीतही हीच आहे: कशावर काय बसलंय ते बघायचं. मंगळाचे फोटो बघून अनेकजण "सगळं सारखंच, नुसते खड्डे" असं म्हणून पान उलटतात. मला ते फार लागतं. त्या खड्ड्यांमध्येच ग्रहाचं वय लिहिलेलं आहे आणि ते वाचायची निम्मी तयारी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाची आधीच झालेली आहे.

आधी रंगाचं बघू. मंगळ तांबडा दिसतो तो त्याच्या धुळीमुळे. लोह ऑक्सिजनशी जोडलं जाऊन बनलेली बारीक धूळ सगळीकडे पसरली आहे, वादळात उडते, पुन्हा बसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटी या मंगळावर फिरणाऱ्या बग्गीने तिथल्या दगडात पहिल्यांदा भोक पाडलं, तेव्हा आतून राखाडी भुकटी निघाली. तेव्हा फोटोत एखादा भाग जास्त लाल किंवा जास्त काळा दिसला, तर तिथला दगड वेगळा आहे असं लगेच समजू नये. वाऱ्याने धूळ झाडून नेली आहे की आणून टाकली आहे, हे आधी तपासायचं.

दुसरी काळजी उजेडाची. वरून घेतलेल्या फोटोत खड्डा आहे की टेकाड, हे डोळा सावलीवरून ठरवतो. उजेड वरच्या बाजूने येतो असं मेंदू धरून चालतो. प्रत्यक्षात सूर्य खालच्या बाजूला असेल तर खड्डे फुगवट्यासारखे दिसतात. ओळखीच्या मुलांना मी असे फोटो दाखवतो तेव्हा जवळजवळ प्रत्येकजण आधी फसतो. कागद उलटा फिरवला की क्षणात खड्डे जागेवर येतात. फोटोबरोबर सूर्याची दिशा दिलेली असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ यानाने टिपलेल्या एका टेकडीवर सावल्या अशा पडल्या होत्या की ती माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसली. त्यावर केवढ्या वावड्या उठल्या! २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने त्याच जागेचा बारकाईने फोटो घेतला, तर तिथे झिजलेली, सपाट माथ्याची एक साधी टेकडी होती.

आता खड्डा होतो कसा, ते पाहू. अवकाशातून येणारा दगड मंगळावर सेकंदाला साधारण दहा किलोमीटर वेगाने आदळतो. एवढ्या वेगाच्या आघातात खरं काम दाबाची लाट करते. ती जमिनीत शिरते आणि तिच्यामागून खडक फुटून बाहेर उधळतो. म्हणून दगड तिरका आला तरी खड्डा गोलच होतो. जमिनीला अगदी घासून आला तरच तो लांबट होतो. खड्ड्याचा व्यास आदळलेल्या दगडाच्या दहा ते वीसपट असतो. तो दगड स्वतः बहुतेक वितळून, वाफ होऊन संपतो. खड्ड्याच्या तळाशी त्याचा गोळा शोधायला जाण्यात अर्थ नसतो.

लहान विवर वाटीसारखं असतं, खोली व्यासाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. मंगळावर व्यास सात-आठ किलोमीटरच्या पुढे गेला की रूप बदलतं. कडा आपल्याच वजनाने खचून आत पायऱ्या पडतात, मधोमध उंचवटा वर येतो, तळ सपाट होतो. पृथ्वीवर हा बदल दोन ते चार किलोमीटरलाच होतो, कारण आपलं गुरुत्वाकर्षण जास्त आहे. चंद्रावर पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत वाटी टिकते.

कडेवर जे पडतं ते मात्र नीट समजून घ्यायला हवं. आघात जमिनीचे थर उचलून बाहेरच्या बाजूला उलटे टाकतो, म्हणजे कडेपाशी खालचा थर वर आणि वरचा खाली असा क्रम मिळतो. विहिरीचा नियम इथे उलटतो! हे बघायला मंगळावर जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार याच दख्खनच्या बेसॉल्टमध्ये झालेलं आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याच्या कडेवरून चालताना लाव्हाचे एरवी आडवे असणारे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये झालेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं दुसरं विवर नाही, म्हणूनच मंगळाचा अभ्यास करणारे जगभरातून तिथे येतात. एकेकाळी ते ज्वालामुखीचं मुख समजलं जाई. १९७० च्या दशकात तिथे खोल भोकं पाडून नमुने तपासले गेले आणि आघाताच्या दाबाने काच झालेलं खनिज सापडलं, तेव्हा वाद मिटला. मंगळावरच्या एका विवरालाही लोणार हे नाव आहे. लहान विवरांना एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या गावांची नावं द्यायची असा संकेत आहे. आपलं सोलापूर त्यात बसणार नाही, पण मंगळवेढा बसतं. मंगळाच्या नकाशावर एक दिवस मंगळवेढा उमटावं असं मला मनापासून वाटतं.

खड्ड्याभोवती उधळलेला मालही बोलतो. चंद्रावर तो कोरडा फेकला गेल्यासारखा पसरतो. मंगळावर कित्येक विवरांभोवती तो चिखल वाहत जाऊन थांबावा तसा पाकळ्या-पाकळ्यांनी पसरलेला दिसतो आणि त्याच्या टोकाला बांध असतो. जमिनीत बर्फ होता, आघाताने तो वितळला आणि माल लगद्यासारखा वाहिला, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. हवेमुळेही असा आकार येऊ शकतो, असं सांगणारेही आहेत. बर्फाचा थेट पुरावा मात्र वेगळ्याच वाटेने मिळाला. २४ डिसेंबर २०२१ ला इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने मोठा हादरा नोंदवला. नंतर मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या फोटोत सुमारे १५० मीटरचं कोरं विवर दिसलं आणि त्याच्याभोवती बर्फाची पांढरी ढेकळं विखुरलेली होती. जमीन खणायचं काम आघातानेच करून ठेवलं होतं.

आता वयाचा प्रश्न. खड्डे मोजून जमिनीचं वय कसं काढतात?

वळवाचा पाऊस डोळ्यापुढे आणा. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकलेली आहे, वर वाकळ अंथरलेली आहे. टपोरे थेंब फुफाट्यात पडायला लागतात आणि प्रत्येक थेंब आपला खळगा उठवतो. थोड्या वेळाने कुणीतरी धावत येऊन बाज उचलून आत नेतं. बाजेखालची जमीन उशिरा उघडी पडली, म्हणून तिथे खळगे कमी. पाऊस थांबल्यावर अंगण बघणारा परका माणूसही सांगेल की बाज कुठे होती, आणि दर मिनिटाला किती थेंब पडत होते हे त्याला कळलं तर ती कधी उचलली हेही सांगेल.

मंगळावर लाव्हा किंवा गाळ पसरला की जुने खड्डे बुजतात आणि मोजणी नव्याने सुरू होते. जिथे खड्डे दाट ती जमीन जुनी, जिथे विरळ ती नवी. फक्त हा पाऊस एका लयीत पडलेला नाही. सूर्यमाला लहान होती तेव्हा झोड होती, साधारण ३०० कोटी वर्षांपासून रिपरिप आहे. हे कसं कळलं? चंद्रावरून. अपोलोच्या अंतराळवीरांनी जिथून दगड आणले तिथल्या खड्ड्यांची दाटी मोजली, दगडांचं वय प्रयोगशाळेत काढलं आणि दोन्हींची सांगड घातली. मग मंगळाचं गुरुत्वाकर्षण आणि लघुग्रहांच्या पट्ट्याशी असलेली त्याची जवळीक हिशेबात धरून तेच कोष्टक मंगळासाठी बदलून घेतलं.

त्यावरून मंगळाच्या इतिहासाचे तीन मोठे कालखंड पाडले आहेत. नोआकियन, म्हणजे सुमारे ३७० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचा: प्रचंड आघात, नद्या, तळी. मग हेस्पेरियन: लाव्हाची विस्तीर्ण मैदानं, अधूनमधून आलेले महापूर. साधारण ३०० कोटी वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतचा काळ अ‍ॅमेझोनियन: थंड, कोरडा, वाऱ्याचा. मंगळाचा पूर्ण गोल दाखवणारं चित्र समोर घ्या, आपल्या मंगळयानाने पाठवलेलं असलं तर उत्तमच. दक्षिणेचा उंच भाग खड्ड्यांनी चाळण झालेला आहे, तो नोआकियन. तिथलं हेलास हे आघातकुंड सुमारे २३०० किलोमीटर रुंद आणि सात किलोमीटरहून जास्त खोल आहे. उत्तरेची सखल मैदानं गुळगुळीत आहेत. थार्सिस पठारावर ज्वालामुखी उभे आहेत, त्यांच्यापलीकडे पायथ्याला सुमारे ६०० किलोमीटर रुंद आणि २२ किलोमीटर उंच ऑलिंपस मॉन्स. त्यांच्या उतारांवर खड्डे इतके विरळ आहेत की काही लाव्हा भूशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडचा असला पाहिजे.

उत्तरेची मैदानं मात्र फसवी आहेत. लेझरने उंचसखलपणा मोजल्यावर त्या गुळगुळीत जमिनीत मोठाली, अगदी उथळ, गोल वर्तुळं दिसली. ती गाडली गेलेली जुनी विवरं आहेत. म्हणजे नवं आहे ते वरचं पांघरूण, आणि खालचा कातळ जवळपास दक्षिणेइतकाच म्हातारा. खड्डे मोजून मिळतं ते वय पृष्ठभागाचं, आतल्या दगडाचं नव्हे. बातम्यांमध्ये हा फरक नेहमी गाळला जातो आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरी अडचण दुय्यम खड्ड्यांची. मोठ्या आघातातून उडालेले दगडही पुन्हा खाली पडून खड्डे करतात. झुनिल नावाचं विवर जेमतेम दहा किलोमीटरचं आहे, पण त्याच्या एका आघाताने अंदाजे एक कोटी लहान खड्डे पाडले असावेत असा हिशेब आहे. ते वेगळे काढले नाहीत तर जमीन आहे त्यापेक्षा कितीतरी जुनी ठरते. त्यांची ओळख म्हणजे ते झुंडीने, रांगेत असतात, उथळ असतात आणि बरेचदा नीट गोलही नसतात. म्हणूनच छोट्या खड्ड्यांवरून छोट्या जागेचं वय सांगणाऱ्या आकड्याकडे मी सावधपणे बघतो. मोठे खड्डे, मोठा प्रदेश, तर भरवसा जास्त.

कुठला तुकडा बघून बोलतोय, यालाही महत्त्व आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने मंगळाचे पहिले जवळून फोटो पाठवले. ग्रहाचा साधारण शंभरावा भाग त्यात होता आणि योगायोगाने तो बराचसा जुन्या, खड्ड्यांनी भरलेल्या भूमीचा. लोकांनी निष्कर्ष काढला की मंगळ म्हणजे दुसरा चंद्र. १९७१ च्या शेवटी मरिनर ९ कक्षेत पोहोचलं तेव्हा सगळ्या ग्रहावर धुळीचं वादळ होतं. धूळ बसली आणि ज्वालामुखी, सुमारे ४००० किलोमीटर लांबीची दरी आणि कोरड्या नद्यांची पात्रं समोर आली.

बरं, खुद्द दगडाचं वय मंगळावरच काढता येतं का? निघालं आहे. गेल हे १५४ किलोमीटरचं विवर, ज्याच्या मधे पाच किलोमीटर उंच थरांचा डोंगर आहे. तिथल्या गाळाच्या दगडात पोटॅशियमपासून ठरावीक गतीने होत जाणारा अर्गॉन वायू क्युरिऑसिटीने मोजला आणि वय आलं ४२१ कोटी वर्षं, ३५ कोटी इकडे-तिकडे. ज्या कड्यावरून हा गाळ आला तिथल्या खड्ड्यांच्या मोजणीशी ते जुळतं. याच दगडावर अवकाशकिरणांचा किती मारा झाला हेही पाहिलं, तर तो उघड्यावर येऊन जेमतेम आठ कोटी वर्षं झाली असावीत. एकाच दगडाची दोन वयं, आणि दोन्ही खरी. पृथ्वीवर तरी हे काम सोपं आहे असं कुठे? लोणारचं वय एका पद्धतीने पन्नास हजारांच्या आसपास येत होतं, अर्गॉनच्या पद्धतीने ते सुमारे ५.७ लाख वर्षं आलं.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो: आपली काळी माती. बेसॉल्ट पाण्यात मुरत राहिला की त्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून पावसाळ्यात आपल्या रानात पाय रुततो आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. स्मेक्टाइट मंगळावरही आहे. युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाने नोआकियन काळातल्या खडकांत त्याची खूण कक्षेतूनच ओळखली, आणि क्युरिऑसिटीने भोक पाडलेल्या त्या राखाडी दगडाचा साधारण पाचवा हिस्सा याच चिकणमातीचा निघाला. नुसता लाव्हा थिजून स्मेक्टाइट मिळत नाही, त्याला पाणी लागतं आणि तेही आंबट नसलेलं. मंगळावर पूर्वी कधी पाणी टिकून होतं का, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्याच खनिजाने दिलेलं नाही असं मला वाटतं.

भेगांचंही तसंच. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की उघडा पडलेला गाळ तडकतो. पहिल्यांदा वाळताना एक भेग दुसरीला काटकोनात येऊन मिळते, इंग्रजी टी अक्षरासारखी. तोच गाळ पुन्हा पुन्हा भिजून वाळला की जोड हळूहळू वाय अक्षरासारखे होतात आणि षटकोनी जाळी बनते. गेल विवरातल्या प्राचीन गाळात अशी षटकोनी जाळी सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, एकेक षटकोन काही सेंटिमीटरचा. तिथे पाणी एकदाच येऊन गेलं नाही. ओल आणि कोरड यांची पाळी बराच काळ चालू होती.

इथे थोडं थांबायला हवं. मंगळाच्या उत्तरेकडे फीनिक्स यान २००८ मध्ये उतरलं, तिथेही जमिनीवर बहुकोनांची जाळी होती. ती चिखलाची नव्हे. थंडीने बर्फमिश्रित जमीन आकसून तडकते तिची, आणि तिचा एकेक बहुकोन काही मीटरचा. लाव्हा थिजतानाही बहुकोनी खांब पडतात, आपल्या महाराष्ट्रातल्या पाषाणात ते दिसतात आणि मंगळावरच्या विवरांच्या भिंतींतही दिसले आहेत. आकार एक, कारणं तीन. आकाराबरोबर मोजमाप, शेजारचा दगड आणि त्यातली खनिजं बघितल्याशिवाय निकाल देता येत नाही.

हे सगळं एका ठिकाणी लावून बघायचं तर जेझेरो घ्यावं. आधी आयसिडिस हे अफाट कुंड झालं, जवळपास चारशे कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या काठावर नंतर ४५ किलोमीटरचं जेझेरो विवर पडलं. मग पश्चिमेची कडा फोडून नदी आत आली आणि तिने गाळाचा त्रिभुज प्रदेश घातला. पूर्वेच्या कडेलाही खिंडार आहे, म्हणजे तळं काठोकाठ भरून पाणी पलीकडे वाहून गेलं. त्रिभुज प्रदेशावर बेल्व्हा नावाचं जवळपास एक किलोमीटरचं विवर आहे. गाळ साचल्यानंतरच ते पडलं, हे उघड आहे. कड्यावर नदी, नदीच्या गाळावर विवर. सगळा क्रम फोटोवरून लावलेला, आणि तो टिकला.

एका बाबतीत मात्र अंदाज चुकला. १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हिअरन्स ही दुसरी बग्गी तिथे उतरली तेव्हा विवराचा तळ तळ्याच्या गाळाचा असेल अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. बग्गीने दगड खरवडून आत पाहिलं तर तो अग्निजन्य निघाला, एकमेकांत गुंतलेल्या स्फटिकांचा. गाळ शोधायला गेलेल्यांना हा धक्काच होता, पण वय काढणाऱ्यांना लॉटरी लागली. गाळाच्या दगडात ठिकठिकाणचे जुने कण येऊन मिसळलेले असतात; थिजलेल्या लाव्हाचं वय एकच असतं, आणि ते प्रयोगशाळेत नेमकं निघतं.

मंगळाचे दगड आपल्याकडे तसे आहेतच. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला अशनी मंगळावरचा बेसॉल्ट आहे आणि मंगळावरून आलेल्या अशनींच्या सर्वांत मोठ्या गटाला याच गावाचं नाव आहे. त्याच गटातल्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंगने मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला, म्हणून हे दगड तिथलेच हे पटलं. त्यांचं वय काढता येतं, पण ते मंगळावरच्या नेमक्या कुठल्या रानातून उडाले हे पक्कं सांगता येत नाही. त्यामुळे तिथल्या खड्ड्यांच्या संख्येपुढे ते वय मांडता येत नाही.

जेझेरोच्या तळाच्या दगडांचे भोक पाडून काढलेले गज पर्सिव्हिअरन्सने नळ्यांमध्ये सील केले आहेत. काही दगडांचे दोन-दोन नमुने घेतले, त्यांतला एकेक बग्गीवरच आहे, आणि एकूण दहा नळ्या तिने जानेवारी २०२३ पर्यंत थ्री फोर्क्स या सपाट जागी जमिनीवर ठेवल्या. त्या आणायला कोण आणि कधी जाणार हे अजून ठरलेलं नाही. ज्या तळावरून त्यातले अग्निजन्य नमुने घेतले, तिथले खड्डे कक्षेतल्या फोटोंवरून मोजून झालेले आहेत. नमुने प्रयोगशाळेत पोहोचले, तर चंद्रावरून उसनं घेतलेलं कोष्टक पहिल्यांदाच मंगळाच्या ठावठिकाणा माहीत असलेल्या अग्निजन्य दगडावर तपासून घेता येईल.